तीन रात्री, रेड रॉक्स

गुरुवार

डेन्व्हरच्या विमानतळावरून शहराकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक निळा घोडा दिसतो. मागच्या दोन पायांवर उभा, ३२ फूट उंच, अंगावरच्या शिरा फुगलेल्या, आणि डोळे लाल. रात्री ते डोळे पेटतात. लुईस हिमेनेझ या शिल्पकाराचं हे काम. २००६ मध्ये त्याच्या स्टुडिओत याच शिल्पाचा एक भाग अंगावर पडून तो गेला, आणि घोडा २००८ मध्ये इथे उभा राहिला. गावातले लोक त्याला प्रेमाने सैतानाचा घोडा म्हणतात. भाऊ दर वर्षी त्याला स्टिअरिंगवरूनच हात जोडतो आणि म्हणतो, "चांगलं वाजू दे रे बाबा."

आम्ही चौघं. भाऊ वयाने मोठा, गाडी तोच चालवतो, नकाशा लावत नाही आणि रस्ता चुकला तरी कबूल करत नाही. काकू छत्तीस वर्षांची आहे. तिने लग्न केलेलं नाही, पण पिशवीत सुई-दोऱ्यापासून ओआरएसच्या पुड्यांपर्यंत सगळं असतं, म्हणून विद्यापीठातल्या पहिल्याच हिवाळ्यात तिची काकू झाली. मास्तर कोणालाही काही शिकवत नाही. त्याचं अक्षर सुरेख आहे आणि तो वही ठेवतो, एवढ्यावरून मास्तर. आणि मी, इतकी वर्षं दर जूनमध्ये काहीतरी निमित्त काढून सटकणारा. जॅम बँड म्हणजे ज्यांना गाणं संपवता येत नाही अशी माणसं, हे माझं मत मी या तिघांना अनेकदा ऐकवलेलं आहे. या वर्षी त्यांच्या नेहमीच्या मित्राला ऐनवेळी जमेना, तिकीट मोकळं पडलं, आणि माझ्याकडे निमित्त शिल्लक नव्हतं.

बँडचं नाव वाइडस्प्रेड पॅनिक. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावातला, १९८६ पासूनचा. गिटारवादक मायकल हाउझरला पॅनिक अटॅक यायचे, दोस्त त्याला त्याच नावाने हाक मारायचे, तेच बँडला चिकटलं. हाउझर खुर्चीवर बसून वाजवायचा. २००२ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने तो गेला. आता त्या जागी जिमी हेरिंग आहे, २००६ पासून, आणि भाऊच्या मते अजूनही 'नवीन' आहे.

हा सगळा पंथ कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये सुरू झालेल्या ग्रेटफुल डेडने घातला. एक गाणं, पण आज पाच मिनिटांचं आणि उद्या पंचवीस मिनिटांचं. चाहते गावोगाव बँडच्या मागे फिरणार, कारण रोज वेगळं. १९९५ मध्ये त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला आणि डेड थांबले, तोवर व्हरमाँटचा फिश आणि अथेन्सचा हा पॅनिक मोठे झालेले होते. आमच्या भाड्याच्या घरात रात्री खिचडी खाता खाता मला या पंथाचे नियम सांगण्यात आले. त्यातला एक मी नीट लक्षात ठेवायला हवा होता: शुक्रवार ते रविवार, तीन रात्री मिळून एकही गाणं दुसऱ्यांदा वाजत नाही. एकदा वाजलं की त्या आठवड्यापुरतं ते गेलं.

मग मास्तरने वही काढली. रेघी वही, प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. तारीख, जागा, गाण्यांची यादी, आणि जिथे एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरतं तिथे छोटासा बाण. शेवटच्या पानावर एका गाण्याची ओळ होती आणि तिच्यापुढे रिकामा रकाना.

"हे राहिलंय," काकू म्हणाली.

"कोणतं?"

"नाव घ्यायचं नाही," तिघंही एकदम म्हणाले. नाव घेतलं की वाजत नाही म्हणे. म्हणून मीही इथे ते लिहीत नाही.

शुक्रवार

रेड रॉक्स डेन्व्हरच्या पश्चिमेला, मॉरिसन गावाच्या डोक्यावर आहे. डेन्व्हरच मुळात समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, आणि हे तिथून आणखी वर, ६,४५० फुटांवर. मी राहतो ते शहर तळ्याच्या काठी आहे आणि तिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे पार्किंगचा पाचवा मजला. काकूने सकाळपासून मला पाणी पाजायला सुरुवात केली होती. मी ते मनावर घेतलं नाही.

दुपारी चारला खालच्या पार्किंगमध्ये पोचलो. खरी जत्रा तिथेच असते. गाड्यांच्या मधल्या बोळात दोन्ही बाजूंनी दुकानं: हाताने रंगवलेले शर्ट, काचेचे मणी, पिना, आणि तव्यावर चीज घालून भाजलेला पाव. या बोळाला सगळीकडे 'शेकडाउन' म्हणतात, डेडच्या एका जुन्या गाण्यावरून. मधूनमधून एखादा माणूस एक बोट वर करून शांतपणे उभा असतो. त्याच्याकडे तिकीट नाही, आणि कोणीतरी ते फुकट देईल अशी त्याची श्रद्धा आहे. अशा तिकिटाला 'मिरॅकल' म्हणतात. माझ्यासमोर एका बाईने अशाच एका पोराच्या हातात तिकीट ठेवलं आणि त्याने तिला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा पडला. वास कसला येत होता ते सांगायला नकोच. कोलोरॅडोत गांजाची दुकानं २०१४ पासून कायदेशीर आहेत, सार्वजनिक जागी ओढायला मात्र बंदी. बंदीचे फलक मी वाचले, धुरातून जेवढे दिसले तेवढे.

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे.

सहा वाजता मास्तर म्हणाला, चला. मी म्हणालो, एक शर्ट घेतो. शर्ट घेतला, मग माप बदलायला परत गेलो, मग तो ठेवायला गाडीपर्यंत. निघालो तेव्हा भाऊ आणि काकू जागा धरायला पुढे गेलेले होते आणि मास्तर माझ्यासाठी थांबलेला होता. खडकाच्या कडेने पायऱ्या चढायला लागलो आणि साठेक पायऱ्यांनंतर माझी छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली. बसलो. उठलो. परत बसलो. मास्तर काही बोलला नाही, फक्त पाण्याची बाटली पुढे करत राहिला. मी त्याला म्हणालो, तू जा. तो म्हणाला, पहिलं गाणं असंच असतं, लोक जागा शोधत असतात, काही घाई नाही.

वरून आरडाओरडा ऐकू आला. बँड स्टेजवर आला होता. पहिलं गाणं झालं. आम्ही आणखी वीस-पंचवीस पायऱ्या चढलो. मग दुसरं सुरू झालं आणि मास्तर थांबला.

आमच्या आणि स्टेजच्या मध्ये एक अख्खा डोंगर उभा होता. शिप रॉक त्याचं नाव, जवळजवळ तीनशे फूट उंच. त्याच्यावरून आणि बाजूने जे काही गळून येत होतं त्यात बास तेवढा स्पष्ट होता. गिटार वाऱ्याबरोबर यायची आणि जायची. मला ते कोणतंही गाणं वाटलं असतं. मास्तरने एक हात लोखंडी कठड्यावर ठेवला आणि दुसरा माझ्या खांद्यावर, आणि तसाच उभा राहिला. लोक आम्हाला वळसा घालून धावत वर जात होते. एकाने जाता जाता ओरडून गाण्याचं नावही सांगितलं.

"पळ ना," मी म्हणालो. "मी येतो मागून."

त्याने मान हलवली. सात-आठ मिनिटं असतील. गाणं संपलं, वर टाळ्या झाल्या, आणि तो म्हणाला, "झाला का दम कमी? चल."

त्या रात्रीचं बाकीचं संगीत मी नीट ऐकलं असं सांगितलं तर खोटं होईल. जागा मात्र विलक्षण आहे. दोन्ही हातांना लाल खडकांच्या भिंती, मध्ये उतरत जाणाऱ्या सत्तर रांगा, लाकडी फळ्यांची बाकं, कडेला जुनिपरची झाडं. स्टेजच्या पलीकडे भिंत नाहीच, थेट मैदान, आणि दूरवर डेन्व्हरचे दिवे लागत जातात. सूर्य आपल्या पाठीमागे डोंगरात बुडतो, त्यामुळे पहिल्या सेटभर समोरचा खडक रंग बदलत राहतो. या रंगबदलाच्या नादात तीन गाणी कधी झाली कळलं नाही.

मध्यंतरात मास्तर दिसेना. काकूने वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एका टेबलाला पिवळे फुगे बांधले होते आणि दहा-पंधरा माणसं वर्तुळात उभी होती. दारू आणि बाकीची व्यसनं सोडून गाणं ऐकायला येणाऱ्यांचा हा कट्टा. डेडच्या चाहत्यांनी ऐंशीच्या दशकात 'वॉर्फ रॅट्स' नावाने ही रीत सुरू केली, फिशवाल्यांची 'फेलोशिप' आहे, पॅनिकवाल्यांचा 'गेटवे'. दर मध्यंतरात ते भेटतात, दोन शब्द बोलतात आणि आपापल्या जागी परत जातात. एवढ्या धुरात आणि बिअरमध्ये तीन तास कोरडं राहायचं तर आपल्यासारखे आणखी दहा जण कुठे उभे आहेत ते माहीत असलेलं बरं.

मास्तरने सोडलीय हे मला माहीत होतं. गाण्याची गोष्ट मात्र मला भाऊने त्या मध्यंतरात सांगितली. ते गाणं मास्तरने ऐकलेलं आहे. नऊ वर्षांपूर्वी अटलांटात, हे तिघंही तिसऱ्या रांगेत होते. मास्तरला त्या रात्रीतलं काहीही आठवत नाही. कार्यक्रमानंतर त्याला भाऊने उचलून गाडीत घातलं होतं. वहीत ते पान आहे, पण अक्षर काकूचं आहे. तो रकाना म्हणून रिकामा.

"आणि आज ते वाजलं," मी म्हणालो.

"हो."

"आणि परवापर्यंत आता परत वाजणार नाही."

भाऊने माझ्या नव्या शर्टाकडे बघितलं. "माप बरोबर आहे ना आता?" तो म्हणाला.

परतताना गाडीत वाद झाला. काकूचं म्हणणं, ऐकलं म्हणजे ऐकलं, धरायचं. भाऊचं म्हणणं, तपासणीच्या दाराबाहेर ऐकलेलं धरत नाहीत. तसं असेल तर मॉरिसन गावातल्या प्रत्येक कुत्र्याने शंभर शो ऐकलेत. मी गप्प होतो. मास्तर खिडकीबाहेर बघत होता आणि बहुधा झोपला होता.

शनिवार

सकाळी साडेसहाला मास्तरने मला हलवून उठवलं. "चल, मोजून येऊ."

"काय?"

"पायऱ्या."

रेड रॉक्स ही डेन्व्हर शहराच्या मालकीची बाग आहे, आणि कार्यक्रम नसेल त्या वेळी ती सगळ्यांना उघडी असते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बंद करतात, पण सकाळी गावातले लोक व्यायामाला येतात. काल रात्री जिथे नऊ हजार माणसं नाचत होती तिथे आज एक आजी बाकांवरून आडव्या चालत होत्या, रांग संपली की एक बाक वर, परत उलट्या दिशेने. कोणी दोन्ही पाय जोडून बेडकासारखं पायरी पायरी उड्या मारत चढत होतं. माझ्याने बघवेना. खालून वरपर्यंत ३८० पायऱ्या आहेत असं सांगतात.

हे सगळं बांधकाम मंदीच्या काळातलं. बर्नहॅम हॉइट या डेन्व्हरच्याच वास्तुविशारदाने आराखडा केला, सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी हातांनी दगड हलवले, आणि १९४१ मध्ये ते खुलं झालं. हॉइटचं मोठेपण असं की त्याने फारसं काही केलेलंच दिसत नाही. खडक तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचे. त्याने मधल्या उतारावर बाकं ठेवली आणि बाजूला झाला. वरच्या संग्रहालयात इथे वाजवून गेलेल्यांची भलीमोठी यादी आहे. १९६४ मध्ये बीटल्स इथे आले होते, आणि त्यांच्या त्या अमेरिका दौऱ्यातला न भरलेला हा एकच कार्यक्रम. पॅनिकने मात्र ही जागा साठाहून जास्त वेळा भरवली आहे, दुसऱ्या कोणीही इतक्या वेळा नाही. बीटल्सना जमलं नाही ते यांनी साठ वेळा केलं हे वाक्य भाऊ कोणालाही ऐकवतो, आणि ऐकणारा तिकिटांची संख्या, काळ वगैरे काढायला लागला की कानावर हात ठेवतो.

आम्ही खालच्या पार्किंगपासून सुरुवात केली. मास्तर मनात मोजत होता, मी बोटांवर. कठड्याच्या ज्या खांबाशी तो काल उभा होता तो त्याने लगेच ओळखला. खांबावर कोणीतरी चिकटवलेला बेडकाचा स्टिकर होता.

"११२," तो म्हणाला.

"११४."

"परत मोजूया?"

"माझ्यात ताकद नाही."

तिथेच बसलो. ऊन अजून खडकाच्या मागे होतं. मी माफी मागितली, आदल्या रात्रीपासून घोळवून ठेवलेली, शर्टापासून सुरू होणारी. त्याने ती पूर्ण होऊ दिली नाही.

"माझ्याकडे त्या अटलांटाच्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "एका टेपरने केलेलं. छान आहे, स्वच्छ. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी जोरात ओरडतं. भाऊ म्हणतो तो मीच."

"आवाज तुझा वाटतो?"

"नाही ना. ते ऐकून ऐकून आता मला तो ओरडणारा माणूसच जास्त ओळखीचा झालाय."

टेपर म्हणजे काय ते मी आदल्या रात्री बघितलं होतं. ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळ उंच काठ्या उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला मायक्रोफोनची जोडी. ही माणसं नाचत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, शेजारचा बोलायला लागला की नजरेने गप्प करतात. डेडने १९८४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून दिली होती. दुसऱ्या कुठल्याही मैफलीत चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला हाकलतात. इथे त्याला खुर्ची देतात, अट एकच की विकायचं नाही, वाटायचं. माझ्या मते या पंथाचं अर्धं यश या एका शहाणपणात आहे. बँडने आपली कालची चूकही लोकांच्या हाती दिली, म्हणून लोक आजची ऐकायला येतात.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. उन्हाळ्यात रॉकी पर्वताच्या पायथ्याशी हे नेहमीचंच: दुपारभर जमीन तापते, डोंगराच्या उतारावरून हवा वर चढते, आणि चार-पाचनंतर विजा. २०२३ च्या जूनमध्ये इथे असल्याच एका संध्याकाळी गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या आणि कित्येक लोक जखमी झाले, काहींची हाडं मोडली. वर लपायला छप्पर नाही, दोन्हीकडे फक्त दगड. छत्री आत नेता येत नाही. काकूने चौघांना चार प्लास्टिकचे पोंचो दिले आणि आम्ही निळ्या पिशव्यांत भरलेल्या भाजीसारखे दिसायला लागलो.

पहिल्या सेटचं चौथं गाणं चालू असताना घोषणा झाली: सगळ्यांनी गाडीत जाऊन बसा. नऊ हजार माणसं, आणि धक्काबुक्की नाही. एका माणसाने माझी पिशवी धरली, मी कोणाच्या तरी लहान मुलाचं बोट धरलं. गाडीत पाऊण तास. काचांवर वाफ. भाऊने आदल्या वर्षीच्या पावसाची गोष्ट सांगितली, काकूने चकल्या काढल्या, आणि 'धरायचं का' हा वाद परत एकदा झाला. या वेळी भाऊने नवा मुद्दा काढला: पावसात गाडीत बसून ऐकलेलं धरतात का? नाही ना? मग? काकू म्हणाली, गाडीत ऐकू येतच नाहीये, तर धरायचं काय. मास्तर चकली खात होता. त्याचं मत कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही दिलं नाही.

नऊच्या सुमारास परत बोलावलं. बाकं ओली, दगडांवरून पाण्याच्या धारा, हवा इतकी गार की तोंडातून वाफ येत होती. आणि मग जे वाजलं त्यासाठी मी इतके शब्द खर्च करतोय.

गाणं साधंच होतं. दोन कडवी, एक धृपद, गायक जॉन बेलचा खरखरीत आवाज. मग शब्द संपले आणि मी नेहमीप्रमाणे खिशात फोन चाचपडायला लागलो, कारण आता यांचा वेळकाढूपणा सुरू होणार. तोच झाला. पाच मिनिटं काहीही घडलं नाही. चाहत्यांमध्येच याला चिडवायला एक शब्द आहे, नूडलिंग, शेवया वळत बसणं. हेरिंग मान खाली घालून, पांढरे केस तोंडावर, एकच लहानसा तुकडा परत परत वाजवत होता. मग डेव्ह स्कूल्सने बासवर तो तुकडा उचलला, पण एक मात्रा उशिरा. मला वाटलं चूक झाली. हेरिंगलाही बहुधा वाटलं, कारण त्याने मान वर केली. पुढच्या फेरीला तबलजीकडे बघतात तसं त्याने स्कूल्सकडे बघितलं आणि स्वतः मुद्दाम एक मात्रा उशिरा आला. आता दोघंही उशिरा, म्हणजे ड्रम लवकर. कीबोर्डवरचा जोजो हर्मन बराच वेळ हात वर करून नुसता ऐकत बसला होता, त्याने डाव्या हाताने दोन जड सूर टाकले आणि सगळ्यांच्या पायाखालची सम सरकली.

आपल्याकडची बढत ज्याने ऐकली आहे त्याला यात नवीन काय असं वाटेल, मलाही वाटत होतं. पण ख्यालात एक जण घर बांधतो आणि बाकीचे त्याला सामान पुरवतात. इथे मुख्य गवई असा नव्हताच. सहा जण एकाच वेळी ऐकत होते, आणि कोण पुढे जातोय हे त्यांनाही माहीत नसावं. किती वेळ गेला कळलं नाही. मास्तरने नंतर सांगितलं, १९ मिनिटं. कुठल्याशा एका क्षणी सगळे एकदम त्या उशिराच्या मात्रेवर येऊन आदळले, आणि नऊ हजार ओली माणसं एका आवाजात ओरडली. मीही ओरडलो. टेपरच्या काठ्या आमच्यापासून फार लांब नव्हत्या, तेव्हा माझा आवाजही आता कोणाच्या तरी रेकॉर्डिंगमध्ये आहे.

काकूने माझ्याकडे बघितलं आणि काहीही बोलली नाही. तिच्या या सभ्यतेबद्दल मी तिचा ऋणी आहे.

रविवार

पॅनिकवाल्यांची एक म्हण आहे, रविवारचा शो चुकवू नये. दोन रात्री हात मोकळे झालेले असतात, ठेवणीतलं राखून ठेवलेलं असतं, आणि सोमवारच्या नोकरीच्या भीतीने अर्धे लोक निघून गेल्यामुळे उरतात ते खरे, अशी त्यामागची समजूत. शेवटचा मुद्दा इथे लागू नव्हता, जागा शनिवारइतकीच भरलेली होती.

दुपारी मॉरिसनमध्ये जेवलो. गाव म्हणजे ओढ्याच्या कडेने एक रस्ता आणि त्यावर थोडी दुकानं. १९९६ मध्ये फिशच्या चार रात्रींसाठी इतके लोक तिकिटाविना येऊन पडले की या रस्त्यावर गोंधळ झाला, आणि त्या बँडला रेड रॉक्सला परत यायला २००९ उजाडलं. आम्ही चौघं निमूटपणे बिल भरून, ताटं उचलून ठेवून निघालो.

त्या दिवशी मी सहा वाजता निघायच्या आधीच तयार होतो. सकाळपासून तीन लिटर पाणी प्यायलो होतो, त्याचे परिणाम वेगळे झाले, पण दम लागला नाही. बेडकाच्या स्टिकरपाशी मास्तर क्षणभर थांबला. मीही थांबलो. मग चढलो.

पहिला सेट मला कंटाळवाणा वाटला. कालच्यानंतर कोणताही वाटला असता. ड्रमचा लांबलचक भाग सुरू झाला की शौचालयाची रांग वाढते, हे निरीक्षण मी सांगितल्यावर भाऊ चिडला आणि पाच मिनिटांनी स्वतःच रांगेत उभा दिसला. मध्यंतरात मास्तर उठला तसा मीही उठलो. "येऊ का?" त्याने खांदे उडवले, म्हणजे ये.

पिवळ्या फुग्यांच्या वर्तुळात मला कोणी काही विचारलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, आज माझे चार दिवस झाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवस म्हणजे बुधवारपासून. म्हणजे हा माणूस दारू सोडून लगेच इथे, या सगळ्यात, आला होता. एक बाई म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षं. टाळ्या तेवढ्याच. मग मास्तर बोलला. मला वाटलं, गाण्याचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "सहा वर्षं. आणि परवा माझ्या मित्राला दम लागला म्हणून मी त्याच्याबरोबर थांबलो, तर बरं झालं." एवढंच. टाळ्या झाल्या, कोणीतरी संत्र्याच्या फोडी फिरवल्या, आणि खाली दिवे मंद झाले म्हणून सगळे पळाले.

दुसरा सेट फार चांगला झाला. त्याचं वर्णन करत नाही, कारण मी बराच वेळ डोळे मिटून होतो. शेवटी, एन्कोरच्या, म्हणजे निरोपाच्या जादा गाण्यांच्या, आधी बँड आत गेला तेव्हा भाऊने सगळ्या नियमांना धाब्यावर बसवून त्या गाण्याचं नाव जोरात ओरडलं. आजूबाजूचे हसले. "शुक्रवारी वाजलं की!" मागून कोणीतरी म्हणालं.

"आम्हाला माहितीये," काकू म्हणाली.

सोमवार

पहाटेचं विमान. घोडा अंधारात डोळे पेटवून उभा होता, भाऊने हात जोडले. विमानतळावर कॉफीच्या रांगेत काकू आणि भाऊचं पुढच्या जूनच्या घराबद्दल भांडण सुरू झालं, आणि त्यात चार खोल्या हव्यात असं दोघंही गृहीत धरून चालले होते हे मी ऐकलं.

मास्तर जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर वही. शुक्रवारचं पान त्याने आतापर्यंत कोरं ठेवलं होतं. पहिलं गाणं लिहिलं, मग दुसरं, नावासकट, त्याच्या त्या सुरेख अक्षरात. मग शेवटचं पान उघडून रकान्यात काहीतरी भरलं आणि वही माझ्याकडे दिली.

रकान्यात लिहिलं होतं: रेड रॉक्स, बाहेरून. पायरी ११३.